हात सोडवून पळणाऱ्या लहान मुलाला बाहेर सुरक्षित कसे ठेवावे?

प्रश्न

माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. त्याला घेऊन बाहेर पडायचे म्हटले की अलीकडे माझ्या पोटात गोळा येतो. तो हात धरू देतो, पण जेमतेम मिनिटभर. मग मनगट पिळून, एक हिसडा देऊन सुटतो आणि मागे वळून माझ्याकडे पाहत, खिदळत धूम ठोकतो. मी हाक मारली की त्याचा वेग आणखी वाढतो.

गेल्या आठवड्यात एका दुकानात पैसे देण्यासाठी मी त्याचा हात सोडला. पाकीट काढून पैसे मोजले आणि खाली पाहिले, तर तो जागेवर नव्हता. माझे पती दोन पावलांवर उभे होते; त्यांना वाटत होते की तो माझ्या पायाशी आहे आणि मी समजत होते की तो त्यांच्याजवळ आहे. बाहेरच्या वाहनतळाच्या कडेला एका अनोळखी बाईंनी त्याला अडवून धरले होते. त्याच्या एका पायातली चप्पल कुठेतरी पडली होती आणि तो हसत होता. त्या बाईंचे आभार मानायला माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

तेव्हापासून घरात मतभेद आहेत. सासूबाईंच्या मते एकदा चांगला धाक बसला की तो पळणार नाही. पती मुलाच्या पाठीवर बांधून दोरी आपल्या हातात धरायचा पट्टा घ्यावा असे म्हणतात, पण मुलाला असे बांधून नेणे माझ्या मनाला पटत नाही. ज्यांची मुले अशी पळत होती त्यांनी नेमके काय केले, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १ (बालवाडी शिक्षिका)

ताई, आपण जे वर्णन केले आहे ते मी वर्गात वर्षानुवर्षे पाहत आले आहे, आणि सर्वप्रथम हे सांगते की हा हट्टीपणा नव्हे. या वयातील मुलाला ‘थांब’ या शब्दाचा अर्थ कळतो, घरात शांत बसलेले असताना ते थांबूनही दाखवते. परंतु धावण्याच्या भरात स्वतःला आवरण्याची क्षमता मेंदूच्या ज्या पुढच्या भागावर अवलंबून असते, तो भाग परिपक्व होण्यास विशीचा मध्य उजाडतो आणि दोन वर्षांच्या मुलात तर त्याची नुसती सुरुवात असते. येणारे वाहन किती वेगाने आणि किती अंतरावर आहे याचा नीट अंदाज मुलांना साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत येत नाही. म्हणून धाक दाखवून ते रस्त्यावर सुरक्षित होईल, ही अपेक्षा मी तरी ठेवणार नाही. मार खाल्लेले मूल पळायचे थांबत नाही, हाक मारल्यावर जवळ यायचे मात्र थांबते, आणि ते अधिक धोक्याचे आहे.

आपल्या प्रसंगात मला खरी चूक दिसते ती ‘तो तुझ्याकडे असेल’ या समजुतीत. दोन मोठी माणसे बरोबर असताना मूल हरवते ते बहुधा असेच. आमच्याकडे सहलीच्या वेळी नियम आहे की मूल सोपवताना नाव घेऊन ‘आता तुमच्याकडे’ असे म्हणायचे आणि समोरच्याने ‘हो, माझ्याकडे’ असे उत्तर दिल्याशिवाय नजर हटवायची नाही. पहिले चार दिवस हे कृत्रिम वाटते, नंतर जिभेवर बसते. पैसे देणे, फोन उचलणे, गाडीचे दार उघडणे, धाकट्याला सांभाळणे या क्षणी आपले हात गुंतणारच असतात, तेव्हा ते गुंतण्याआधी मूल कोणाकडे आहे हे ठरलेले असावे. एकट्या असाल तर त्याला काउंटर आणि आपले पाय यांच्या मधल्या जागेत उभे करावे किंवा बाबागाडीत पट्टा लावून बसवावे.

शिकवणे सोडू नये, पण त्यावर विसंबू नये. मोकळ्या, बंदिस्त जागेत ‘चल’ आणि ‘थांब’ हा खेळ रोज पाच मिनिटे खेळा. तो थांबला की लगेच त्याच्याजवळ जाऊन कौतुक करा. ‘पळू नकोस’ म्हटले की या वयाच्या मुलाच्या कानात ‘पळ’ एवढेच राहते, म्हणून काय करायचे तेच सांगावे: ‘थांब’, ‘माझा हात धर’. एरवी खेळणी आवरताना किंवा जेवताना ‘थांब’ वापरू नका. हा शब्द झिजता कामा नये. आणि तो खिदळत पळतो तेव्हा त्याच्या दृष्टीने आपण पकडापकडी खेळत असता. सुरक्षित जागी मागे न धावता खाली बसून हात पसरले, तर पुष्कळ मुले उलट फिरतात. रस्ता, पाणी किंवा सरकता जिना जवळ असेल तर मात्र विचार न करता धावून धरावे.

प्रतिसाद २ (बालरोग विभागातील परिचारिका)

पट्ट्याविषयी लिहिते, कारण त्याबद्दल उगाच लाज बाळगली जाते. मूल हिसडा देते आणि आपण त्याच क्षणी त्याचा हात ओढतो, तेव्हा कोपरातले हाड जागेवरून सरकण्याचा संभव असतो. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे बरेचदा घडते. मूल एकाएकी हात लटकता ठेवून रडते आणि कोणाला हात लावू देत नाही. मनगटाला बांधायच्या दोरीनेही ताण त्याच सांध्यावर येतो. त्याऐवजी छाती आणि खांद्यांवरून येणारा पट्टा असेल तर ओढ धडावर पडते. गर्दीत, फलाटावर आणि वाहनांच्या जवळ तो मी निःसंकोच वापरण्यास सांगेन. फक्त घसरगुंडी किंवा झोपाळ्यावर चढवण्यापूर्वी तो काढलाच पाहिजे, कारण दोरी अडकून गळ्याभोवती फास बसू शकतो.

स्थान दाखवणारी छोटी ब्लूटूथ उपकरणे पालक हल्ली मुलाच्या खिशात ठेवतात. ती आसपासच्या फोनच्या आधारे जागा कळवतात, त्यामुळे धावणाऱ्या मुलाची जागा त्या क्षणी अचूक कळेल असे नाही. त्यातील चपटी बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते, म्हणून झाकण त्याला उघडता येणार नाही असेच उपकरण निवडावे.

प्रतिसाद ३ (एक वडील)

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना एका मोठ्या दुकानात हरवली होती आणि सापडेपर्यंत अकरा मिनिटे गेली. पहिली चार मिनिटे मी गुपचूप शोधत फिरलो, कारण आरडाओरडा करण्याचा संकोच वाटला. ती चार मिनिटे मला अजून आठवतात. मोठ्याने ओरडा, आणि नुसते नाव घेऊन नव्हे, तर ‘अडीच वर्षांची मुलगी, पिवळा फ्रॉक, लाल बूट’ असे ओरडा. नाव कळून अनोळखी माणसाला काहीच उपयोग नसतो. पिवळा फ्रॉक मात्र आजूबाजूच्या प्रत्येकाच्या नजरेत लगेच भरतो. एकाने मूल शेवटचे दिसले तिथेच उभे राहावे, दुसऱ्याने बाहेर जाणारी दारे गाठावीत. जवळपास तळे, हौद, कारंजे असेल तर सर्वांत आधी तिथे जावे. लहान मूल थोड्याशा पाण्यातही बुडते आणि बुडताना बहुधा आवाज होत नाही. त्यानंतर वाहनतळ. सव्वादोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर असते, म्हणजे गाडी मागे घेणाऱ्या चालकाला ते बहुधा दिसतच नाही.

दुकानातील कर्मचाऱ्यांना तत्काळ सांगावे. अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीने १९९४ साली अशा प्रसंगासाठी पद्धत ठरवली: मुलाचे वर्णन सर्वांना कळवायचे, दारांवर माणसे उभी करायची आणि दहा मिनिटांत मूल न सापडल्यास पोलिसांना बोलवायचे. आपल्या दुकानात असा नियम असो वा नसो, ‘दारावर माणूस उभा करा’ ही विनंती आपण करू शकतोच. पोलिसांना कळवण्यासाठी ठरावीक तास थांबावे लागते, हा समज चुकीचा आहे.

आता आम्ही घराबाहेर पडताना दारातच तिचा एक पूर्ण फोटो काढतो. घाबरलेल्या माणसाला मुलाच्या अंगावरचे कपडे आठवत नाहीत, हे मी अनुभवले आहे. कपड्याच्या आतल्या बाजूला माझा फोन क्रमांक लिहिलेला असतो. नाव मात्र बाहेर दिसेल असे कुठेही लिहीत नाही, कारण नावाने हाक मारणारा माणूस मुलाला ओळखीचा वाटतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आज बाजारात आम्ही ‘आता तुझ्याकडे’ म्हणण्यास सुरुवात केली आणि पट्टाही मागवला आहे. अजून एक शंका आहे. हे पळणे कोणत्या वयात कमी होते, आणि ते वयाला साजेसे नाही असे केव्हा समजावे?

प्रतिसाद १ (बालवाडी शिक्षिका)

माझ्या वर्गातील बहुतेक मुले तीन ते चार या वयात हात धरून चालू लागतात. बोलणे वाढले की पळणे घटते, असे मला वाटते. चार वर्षांनंतरही ते तितकेच राहिले, किंवा आत्ताच नावाने हाक मारल्यावर तो क्वचितच वळून पाहत असेल, बोलणे फार कमी असेल, तर विकासतज्ज्ञ बालरोग डॉक्टरांना दाखवावे. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या कुटुंबांची अमेरिकेत पाहणी झाली होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी सुमारे निम्म्या मुलांनी चार वर्षांच्या वयानंतर एकदा तरी निघून जाण्याचा प्रयत्न केला होता, आणि अशा मुलांसाठी दाराच्या कड्यांपासून शेजाऱ्यांना सांगून ठेवण्यापर्यंत वेगळी तयारी लागते. आपला मुलगा मागे वळून आपल्या चेहऱ्याकडे पाहत हसतो, हे मला चांगले लक्षण वाटते. तरीही डॉक्टरांकडे जाल तेव्हा तो केव्हा, कोठून आणि कशाच्या दिशेने पळाला याची दोन आठवड्यांची नोंद सोबत न्या. त्यावरून त्यांना बरेच काही कळेल.