आजीच्या पुतळीसाठी लांबी कमी-जास्त होणारी चेन: सरकता मणी घ्यावा की जास्तीच्या कड्या?

रानजाई

नमस्कार मंडळी. आजीची पुतळ्यांची (नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांची) माळ गेल्या दिवाळीत आम्हा नातींमध्ये वाटली गेली. माझ्या वाट्याला आलेली पुतळी मला लॉकरमध्ये ठेवायची नाही, रोज गळ्यात घालायची आहे. त्यासाठी २२ कॅरेटची साधी चेन घ्यायचं ठरवलंय, पण लांबीपाशी गाडं अडलंय.

मी बँकेत कॅश काउंटरला असते. कॉलरच्या शर्टावर १६ इंच बरी दिसते, कुर्त्यावर १८, आणि साडी नेसले की २० तरी हवी, नाहीतर पुतळी ब्लाउजच्या गळ्यापर्यंतही पोचत नाही. तीन चेन घ्यायची ऐपत नाही. दिवसभर नोटा मोजते हे खरं, पण त्या दुसऱ्यांच्या.

नाशिकच्या सराफ बाजारात एकाने सरकत्या मण्याची चेन दाखवली. मणी मागेपुढे केला की हवी तेवढी लांबी. दुसऱ्याकडे चेनच्या मागे दोन इंचांची जोडसाखळी. दोघांचंही म्हणणं, “मॅडम, हल्ली हीच चालते.” माझ्या गळ्याचा घेर १४ इंच, पुतळीचं वजन सव्वा ग्रॅम, आणि तिची वरची कडी जुनी, अगदी अरुंद आहे. रोज वापरणाऱ्यांनी सांगा, काय घेऊ?

डोंबिवली_फास्ट

बायकोकडे सरकत्या मण्याची चांदीची आहे. सुरुवातीला एकदम झकास. आता ताटावर वाकली की पेंडंट आमटीत. जड पेंडंट असेल तर नाद सोडा. आणि लोकलने जात असाल तर लांबी कितीही असो, चेन ओढणीखाली.

गुजरीची_लेक

रानजाई, माझं माहेर कोल्हापूरचं. वडील गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ पेठेत, दागिने दुरुस्तीची कामं करायचे. विकणाऱ्याला चेन नवी दिसते, आमच्याकडे ती तुटून यायची. तेव्हा माझं मत त्या बाजूचं आहे असं धरून वाचा.

सरकत्या मण्याच्या पोटात बहुतेक वेळा सिलिकॉनचा बारीक तुकडा असतो, काहींत स्प्रिंग. चेन त्यातून घट्ट जाते म्हणून मणी जागेवर राहतो. घाम, पावडर, तेल लागून लागून ती पकड सैल पडते. तुमच्या सव्वा ग्रॅमला पकड पुरेल, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही सकाळी शर्ट, संध्याकाळी साडी असं रोज सरकवणार, म्हणजे चेनचा तेवढाच भाग घासत राहणार. पॉलिशच्या, म्हणजे वरून सोन्याचं पाणी चढवलेल्या, दागिन्यात तर तो पट्टा सगळ्यात आधी उडतो. शिवाय मण्यातून जायला गुळगुळीत अंगाची चेन लागते, म्हणजे बॉक्स (चौकोनी कड्यांची) नाहीतर स्नेक (सापासारखी गोल, सलग). चपट्या कड्यांची अडकते. आणि स्नेक तर घेऊच नका, एकदा मुडपली की ती घडी निघत नाही.

मी तुमच्या जागी असते तर २० इंचांची भरीव चेन घेतली असती आणि तिलाच मधे जास्तीची कडी झाळून, म्हणजे तापवून पक्की जोडून, घेतली असती. हूक ज्या कडीत अडकवाल, ती लांबी. दुकानात म्हणतील, “कड्यांचीच चेन आहे ताई, कुठंही अडकवा.” ऐकू नका. हुकाचं तोंड रोज त्याच नाजूक कडीत घासलं की ती झिजते आणि एक दिवस तुटते. जास्तीची कडी चेनच्या कड्यांपेक्षा जाड तारेची हवी आणि तिचं तोंड झाळून बंद केलेलं हवं. वडिलांकडे यायच्या त्यातल्या मधेच तुटलेल्या चेन कमी. हुकाजवळची कडी नुसतीच दाबून बसवलेली, झाळलेली नाही, ती उघडून चेन सटकली, हेच जास्त. दुकानात सांध्यावरून नख फिरवून बघा, फट असेल तर नख अडकतं. भिंग मागायलाही लाजू नका, सराफाकडे ते असतंच.

हूक लॉबस्टरचा घ्या, खटका दाबून उघडायचा, खेकड्याच्या नांगीसारखा. एसचा हूक दिसायला सुबक, पण २२ कॅरेटचं सोनं मऊ. रोज उघडमीट केली की एस फाकतो.

आता लांबीचं. चेन २ इंचांनी वाढवली की पुतळी खाली येते साधारण एकच इंच, कारण वाढलेली लांबी दोन्ही बाजूंना वाटली जाते. म्हणून १६ आणि १८ मध्ये तुम्ही समजताय तेवढा फरक दिसणार नाही. घरी जाड दोऱ्यात पुतळी ओवा, शर्ट घालून आणि साडी नेसून आरशासमोर उभ्या राहा, दोऱ्यावर पेनानं खुणा करा आणि तो दोराच दुकानात घेऊन जा. इंचांचे आकडे सांगत बसू नका. गळ्याचा घेर १४ म्हणजे १६ ची चेन तुम्हाला गळ्याखालच्या हाडांवर बसेल. माझा गळा साडेपंधराचा, मला तीच चेन चिंचपेटीसारखी गच्च होते.

लांबीबरोबर वजन वाढतं, तेही लक्षात ठेवा. १८ इंचांत ६ ग्रॅम भरणारी चेन २० इंचांत पावणेसातच्या जरा आत जाते, आणि मजुरी त्यावर आली.

कड्या आधी झाळून मग हॉलमार्कला पाठवा असं ऑर्डर देतानाच सांगा. चेनवर ९१६ (२२ कॅरेटची खूण) आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा हॉलमार्क क्रमांक, असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतो. ती सुटी जोडसाखळी घ्यायची झालीच तर ध्यानात असू द्या, २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. तिची शुद्धता बिलावर वेगळी लिहून घ्यायची.

पुतळी मात्र सोबत न्या. हूक तिच्या कडीतून जात नसेल तर कारागीर पटकन म्हणेल, कडी जरा फाकवतो. तिला हात लावू द्यायचा नाही, जुनी झाळ असते, तडकते. त्या कडीत दुसरी मोठी कडी अडकवून घ्या, चेन त्या मोठ्या कडीतून जाऊ दे.

आत्याबाई

चेन हवीच कशाला म्हणते मी! पुतळी ती, रेशमातच शोभते. आमच्या ठुशीला मागं दोरा आणि सरकता गोंडा आहे, वर ओढा, खाली सोडा, हवी तेवढी लांबी. पटवेकऱ्याकडं जा आणि लाल रेशमात गाठवून घे बाळ. सोन्याच्या चेनपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

गुजरीची_लेक

आत्याबाई, दिसायला रेशीमच भारी, वादच नाही. पण ती सणावाराची गोष्ट झाली. रोज घामात रेशीम काळं पडतं, कुजतं, मग पुन्हा गाठवणं आलं. आणि आता पटवेकरी शोधायचा म्हणजे गाव पालथं घालावं लागतं.

रानजाई

सगळ्यांना धन्यवाद. आत्याबाई, लग्नसमारंभासाठी रेशमाचं नक्की करणार, पटवेकरी कुठे सापडतो ते बघते.

दोऱ्याचा प्रयोग केला. १८ खरंच कुठल्याच कपड्यावर वेगळी उठून दिसत नाही. कुर्त्यावर १६ पण चालते, २० पण. म्हणजे एकच जास्तीची कडी, १६ वर. पण मग १६ वर अडकवल्यावर उरलेल्या चार इंचांचं काय? मागे शेपूट लोंबेल, मानेवरच्या केसांत गुंतेल, कॉलरबाहेर डोकावेल.

गुजरीची_लेक

हूक १६ च्या कडीत अडकवताना चेनच्या टोकाची कडीही त्याच हुकात घ्या. चार इंचांचं शेपूट दुमडून दोन इंचांचा फास होतो, तो कॉलरखाली जातो आणि सुटं टोक राहत नाही. त्यासाठी हुकाचं तोंड दोन जाड कड्या मावतील एवढं हवं, तर एक नंबर मोठा हूक मागा. टोकाला शोभेचा मणी लावतो म्हणतील, तो नको म्हणा, हुकात जाणार नाही.