सविस्तर सोनोग्राफी कुठे करावी? (परिवार गटावरील चर्चा)

आक्का (अमळनेर), सकाळी ७:१२
सर्वांना नमस्कार. वैशालीला अठरावा आठवडा लागला असून डॉक्टरीणबाईंनी सविस्तर सोनोग्राफीची चिठ्ठी सोमवारीच दिली आहे. ती अजून फ्रिजवर चिकटवलेली आहे, कारण धुळे, जळगाव, नाशिक की सुरत, हे आपल्या घरातील पुरुष मंडळींना अद्याप ठरवता आलेले नाही. गाडीचे काय झाले, हे विचारणे तर मी सोडूनच दिले आहे.

बापू (सुरत), ७:२०
वहिनी, काळजी नसावी. उधन्यात आमच्या घराजवळ मोठे केंद्र आहे, फोर-डी मशीन आहे आणि बाळाच्या चेहऱ्याचा फोटो हातात देतात. अमळनेरहून थेट रेल्वे आहे. मुक्काम आमच्याकडेच करावा.

जिभाऊ (शिरपूर), ७:३४
आमच्या आईची सात बाळंतपणे एकाही सोनोग्राफीविना झाली. तरी काळ बदलला हे मला मान्य आहे. माझ्या मते जळगाव योग्य. जिल्ह्याचे ठिकाण आहे आणि आमच्या सूनबाईंचीही तपासणी तिथेच झाली होती.

आक्का, ७:३६
त्याच तपासणीत दहा मिनिटांत ‘सर्व उत्तम’ असे लिहून दिले होते आणि आठव्या महिन्यात बाळाच्या मूत्रपिंडाला सूज निघाली होती, हे भाऊजी विसरले असावेत.

जिभाऊ, ७:३९
वहिनी, नातू आज अंगणात धावतो आहे. प्रत्येक विषयात आमच्या घराचे उदाहरण घेण्याची आवश्यकता नव्हती.

मनीषाताई (धुळे), ८:०५
आई, जिभाऊ, दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. मूत्रपिंडातील सूज पाचव्या महिन्यात नसते आणि पुढे दिसू लागते, असे पुष्कळदा होते. तेवढ्यावरून त्या केंद्राला दोष देता येणार नाही. परंतु अ‍ॅनोमली स्कॅन, म्हणजे हीच सविस्तर सोनोग्राफी, दहा मिनिटांत उरकणे मला कधीच पटलेले नाही. मेंदूतील पोकळ्या व लहान मेंदू, ओठ, पाठीचा कणा, हृदयाचे चारही कप्पे आणि त्यांतून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासपटल, जठर, दोन्ही मूत्रपिंडे, हातपाय, शिवाय वार आणि नाळ, एवढे सारे नीट पाहायचे तर साधारण अर्धा ते पाऊण तास लागतोच. बाळ पाठ फिरवून बसले असेल, तर आईला थोडे फिरून यायला सांगतात आणि पुन्हा पाहतात. म्हणून शहर कोणते यापेक्षा तपासणारी व्यक्ती कोण आणि ती वेळ किती देते, हे आधी विचारावे. बापूकाका, चेहऱ्याचा फोटो ही हौस झाली. अवयवांची तपासणी मुख्यतः साध्या टू-डी चित्रावरच होते.

बापू, ८:११
हौस कशी? तंत्रज्ञान आहे. अमळनेरहून थेट रेल्वे आहे, हे पुन्हा नमूद करतो.

नाना (अमळनेर), ८:३०
घाई कशासाठी, हे मला समजलेले नाही. उन्हाळी सुट्टी लागली की सर्वांनी मिळून नाशिकला जाऊ, देवदर्शनही होईल.

मनीषाताई, ८:४१
नाना, सुट्टी लागेपर्यंत सहावा महिना संपलेला असेल. ही तपासणी अठरा ते वीस आठवड्यांत, फार तर बाविसाव्यापर्यंत करतात. काही शंका आली तर गर्भजल तपासावे लागते आणि त्याच्या पूर्ण अहवालाला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंगाच्या बाबतीत कायद्याने चोविसाव्या आठवड्यापर्यंत गर्भपाताची मुभा आहे. त्यापुढे प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जाते. निर्णय कोणताही असो, तो घेण्यास हाताशी दिवस असावेत.

आक्का, ८:४४
सकाळच्या प्रहरी असे अभद्र लिहू नये. तू परिचारिका आहेस हे आम्हाला ठाऊक आहे.

मनीषाताई, ८:५२
आई, अभद्र म्हणून जे टाळतो आहोत तेच आता लिहिते, राग मानू नये. योगेशच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते आणि पाचव्या वर्षी त्याची शस्त्रक्रिया झाली. वडिलांना असा दोष असेल तर बाळाच्या हृदयाची स्वतंत्र तपासणी, म्हणजे फीटल इको, करून घ्यायला सांगतात. ती साधारण वीस ते चोवीस आठवड्यांत होते. वैशालीच्या चिठ्ठीवर याचा उल्लेख नाही, कारण डॉक्टरीणबाईंना कोणी सांगितलेच नाही.

आक्का, ८:५५
हा विषय या गटावर काढण्याचे काही कारण नव्हते. सूनबाई हे वाचत आहेत.

वैशाली (अमळनेर), ९:०२
आई, योगेशने मला साखरपुड्याआधीच सर्व सांगितले होते. छातीवरची खूण लपवता येत नाही. आपण इतकी वर्षे माझ्यापासून हे जपत आहात, हे मला माहीत होते. म्हणून मीही बोलले नाही. परंतु डॉक्टरीणबाईंना मी आजच सांगणार आहे आणि जुनी कागदपत्रे सोबत नेणार आहे.

बापू, ९:०४
मग तर सुरतच. हृदयाचे मोठे डॉक्टर इथे आहेत. थेट रेल्वे आहे.

जिभाऊ, ९:१०
एवढा खर्च करायचाच आहे तर त्याच वेळी बाकीचेही समजले तर काय वाईट? काही ठिकाणी पेढे की बर्फी एवढे तरी सुचवतात, असे ऐकून आहे. 😄

योगेश, ९:१३
जिभाऊ, हा संदेश आपण स्वतः काढावा, अन्यथा मी काढतो. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने असे विचारणाऱ्या नातेवाइकालाही तुरुंगवास आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. त्या कुठे गेल्या याचे उत्तर अशाच विनोदांत आहे.

जिभाऊ, ९:१५
गंमत होती. आजकालच्या मुलांना गंमत समजत नाही.

नाना, ९:२१
जिभाऊ, ती गंमत नव्हती. विषयावर यावे.

वैशाली, दुपारी १:४०
डॉक्टरीणबाईंशी बोलणे झाले. त्यांनी चिठ्ठी बदलून योगेशच्या शस्त्रक्रियेची नोंद केली. अ‍ॅनोमली स्कॅन पुढच्या आठवड्यात धुळ्याला करायचा आहे. तिथे फोन करून मी विचारून घेतले: तपासणी स्वतः तज्ज्ञ करतात, एका रुग्णासाठी पाऊण तास राखून ठेवतात आणि बाळाची स्थिती अनुकूल नसेल तर पुन्हा बोलावतात, त्याचे वेगळे शुल्क घेत नाहीत. फीटल इको त्यानंतर नाशिकला होईल. तिथली वेळ योगेश घेत आहे. सुरतचा प्रवास रेल्वेने सोयीचा आहे, बापूंचे अगत्यही मोठे आहे. पण शंका निघाल्यास पुन्हा पुन्हा जावे लागेल आणि माझ्या रजा संपत आल्या आहेत.

बापू, १:४६
ठीक आहे. इकोसाठी तरी सुरतचा विचार व्हावा, थेट—

मनीषाताई, १:४७
काका, समजले. 🙏 वैशाली, ओळखपत्र, ही चिठ्ठी आणि तिसऱ्या महिन्यातील एन.टी. स्कॅनचा (बाळाच्या मानेमागील जाडी मोजणाऱ्या सोनोग्राफीचा) अहवाल बरोबर घे. तिथे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यानुसार एफ फॉर्म भरून घेतात, त्यावर तुझी सही लागेल. उपाशी जाऊ नकोस.

आक्का, २:०५
योगेशच्या शस्त्रक्रियेची फाईल माझ्या कपाटात आहे, मुंबईचे सर्व कागद आहेत. सायंकाळी काढून देते. धुळ्याला मीही येणार आहे.

वैशाली, २:०९
अवश्य यावे, आई. आत मात्र एकालाच सोडतात, तिथे योगेश असेल.

नाना, २:३०
गाडी कोणाची न्यायची, हे कोणी लिहिले नाही. जिभाऊंकडची आपली गाडी दिवाळीपासून परत आलेली नाही.

जिभाऊ, २:३३
उद्या पाठवतो. टायर मात्र आपण बदलून घ्यावेत.