पॉवर बीआय टीममध्ये वापरताना रोल जपून द्या

एकाने विचारलंय की पाच जणांच्या टीममध्ये पॉवर बीआयची (डेटावरून रिपोर्ट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) फाइल मेलवर फिरते, शेवटची कोणती तेच कळत नाही, तर सगळ्यांना वर्कस्पेसमध्ये (टीमची ऑनलाइन सामायिक जागा) मेंबर करून टाकावं का. वर्कस्पेस जरूर करा, पण सरसकट मेंबर नको.

कारण रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे ज्याला त्याला त्याच्यापुरत्याच ओळी दाखवण्याची सोय, वर्कस्पेसमधल्या फक्त व्ह्यूअर (नुसतं बघणाऱ्या) रोलला लागू होते. अ‍ॅडमिन, मेंबर, कॉन्ट्रिब्यूटर यांना मॉडेल (रिपोर्टमागचा डेटा आणि त्यावरची सूत्रं) बदलण्याचा हक्क असतो, त्यामुळे त्यांना सगळ्या ओळी दिसतात. आमच्याकडे विभागवार विक्रीचा रिपोर्ट होता. घाईत मी एका विभागप्रमुखांना कॉन्ट्रिब्यूटर केलं आणि त्यांना बाकी विभागांचे इन्सेंटिव्हचे आकडेही दिसले. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा. तेव्हापासून नुसतं वाचणाऱ्यांना व्ह्यूअर, नाहीतर अ‍ॅप, म्हणजे वर्कस्पेसमधून वाचण्यासाठी प्रसिद्ध केलेला रिपोर्टसंच.

फाइलचं म्हणाल तर पीबीआयएक्स, म्हणजे पॉवर बीआयची नेहमीची फाइल, एकसंध असते, दोघांचे बदल तिच्यात एकत्र करता येत नाहीत. त्यापेक्षा पीबीआयपी (प्रोजेक्ट स्वरूप) म्हणून सेव्ह करा. मॉडेल आणि रिपोर्ट वेगळ्या फोल्डरमध्ये मजकुराच्या रूपात उतरतात, मग कोणी कुठलं मेजर (हिशोबाचं सूत्र) बदललं ते गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ओळीनिशी दिसतं. सोबत पॉवर बीआय डेस्कटॉप स्वतः गिटइग्नोर फाइल (गिटमध्ये काय घ्यायचं नाही त्याची यादी) तयार करतं, ती पुसू नका. डेटाची स्थानिक कॅश फाइल (तुमच्या संगणकावरची डेटाची प्रत) तिच्यामुळेच रिपॉझिटरीबाहेर, म्हणजे गिटच्या साठ्याबाहेर राहते.

तुमचं मॉडेल किती रिपोर्टना लागतं? एकाहून जास्त असतील तर ते आधी वेगळं काढा.