मदत हवी आहे: एस 24 पाणबुडीचा इतिहास (उद्या सकाळी प्रूफ जाणार!)

खारीबटर:
अमेरिकेच्या एस 24 पाणबुडीची माहिती कुणाकडे आहे का? सेवेत कधी आली आणि शेवट काय झाला, एवढंच हवंय. तीन तास शोधतोय, तारखांचा मेळ बसत नाही. दिवाळी अंकाचं प्रूफ उद्या सकाळी जाणार, तेव्हा 'शोधून बघा' असं सांगायला कृपया येऊ नका.

पागोळी:
सोप्पं आहे की. एस 24, 1923 साली सेवेत. 1942 मध्ये ब्रिटिशांना दिली, तिथे नाव पडलं पी 555. झालं काम, पेढे द्या.

खारीबटर:
नाही हो, माझी त्याहून जुनी आहे. हिचा पहिला कप्तान निमित्झ, तोच जो पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पॅसिफिक आरमाराचा प्रमुख झाला.

डिझेलकाका:
हे आधी सांगायला काय झालं होतं? आणि तुमच्या कागदावर 'एस 24' आहे की 'एसएस 24'?

खारीबटर:
एसएस. एका एसने असा काय फरक पडतो?

डिझेलकाका:
अकरा वर्षांचा! 'एस' हे वर्गाचं अक्षर. 'एसएस' म्हणजे आरमाराच्या यादीतला पाणबुडीचा नंबर. पागोळीताईंची बोट एस वर्गातली, तिचा नंबर एसएस 129. एसएस 24 म्हणजे ई-1. 14 फेब्रुवारी 1912 ला सेवेत आली, कप्तान लेफ्टनंट चेस्टर निमित्झ. अमेरिकन आरमारातली डिझेलवर चालणारी पहिली बोट, त्याआधीच्या पेट्रोलवर होत्या. बंद डब्यात पेट्रोलची वाफ कोंडल्यावर काय होतं ते कल्पनेवर सोडतो. एसएस हे अक्षर 1920 मध्ये चिकटलं, तेव्हा 1912 च्या फोटोखाली ते छापू नका.

खारीबटर:
बरं. पण मजकुरात हिचं नाव स्किपजॅक आहे. परिच्छेद जसाच्या तसा देतो: "1911 मध्ये पाण्यात उतरलेली स्किपजॅक 1946 च्या बिकिनी बेटाजवळच्या अणुचाचणीत बुडाली, पुन्हा वर काढली आणि 1948 मध्ये नेमबाजीचं लक्ष्य म्हणून कायमची बुडवली." संपादक म्हणतात, 37 वर्षं एक पाणबुडी टिकते का?

पागोळी:
तुमच्या संपादकांना माझा नमस्कार कळवा. तुम्ही दोन बायकांचा एकच जन्मदाखला केलाय. पहिली स्किपजॅक पाण्यात उतरली तेव्हा त्याच नावाची होती, पण नोव्हेंबर 1911 मध्ये सगळ्या पाणबुड्यांची मासे-प्राण्यांची नावं काढून अक्षर-आकडे दिले. म्हणून ती सेवेत आली ई-1 होऊन. पहिल्या महायुद्धात अझोर्स बेटांवर गस्तीला होती, 1922 मध्ये भंगारात विकली. बिकिनीवाली ती 1938 ची स्किपजॅक, एसएस 184. तिच्यानंतर 1959 मध्ये अणुशक्तीवरची तिसरी आली, तिला तरी मधे आणू नका.

तांबडाकंदील:
डिझेल-इलेक्ट्रिक म्हणजे ह्याच ना? एक शंका, ह्यांच्यात इंजिन...

डिझेलकाका:
नाही! ह्यांना डिझेल-इलेक्ट्रिक म्हणणं चुकीचं. क्लचमधून डिझेल इंजिन सरळ पंख्याच्या दांड्याला जोडलेलं. पाण्याखाली क्लच सोडायचा आणि मोटर चालवायची. डिझेलने फक्त वीज करायची आणि पंखा मोटरनेच फिरवायचा, हे 1935 च्या पॉरपॉइज वर्गापासून.

पागोळी:
काका, बॅटरी डिझेलवरच चार्ज व्हायची ना? मग लोक म्हणतातच. दिवाळी अंक आहे, पेटंटचा अर्ज नाही.

डिझेलकाका:
लोक नळाच्या पंपालाही 'मोटार' म्हणतात, म्हणून त्यात बसून पुण्याला जाणार का?

तांबडाकंदील:
अवांतर: बॅटरीवरून आठवलं. अमेरिकेची आर-14 पाणबुडी माहीत आहे का कुणाला? मे 1921, हरवलेल्या टगबोटीच्या शोधात हवाईजवळ हिचंच तेल संपलं. खलाशांनी झोपायच्या कॅनव्हासच्या झोळ्या आणि ब्लँकेटं शिवून शिडं केली, बंकच्या लोखंडी नळ्यांच्या डोलकाठ्या, आणि पाणबुडी चक्क वाऱ्यावर हाकली. सुमारे 64 तासांनी हिलोला लागली. वेग आला तसे पंखे पाण्यात आपोआप फिरायला लागले, त्यावर बॅटरीसुद्धा चार्ज करून घेतली. दिवाळी अंकात हे घाला, कुणी स्किपजॅक विचारणार नाही.

मावळतीचाऊन:
विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी आत शिरून बघता येते. सहकुटुंब जा, वाकून चालावं लागतं, गुडघे सांभाळा.

खारीबटर:
@पागोळी, डिझेलकाका, धन्स. दुरुस्त केलं. ई-1 च्याच वर्गातल्या ई-2 चं पण एक वाक्य होतं, "बॅटरी फुटली", तेवढं बरोबर आहे का?

डिझेलकाका:
बॅटरी 'फुटली' नव्हे. जानेवारी 1916, न्यूयॉर्कची गोदी. एडिसनची निकेल-लोखंडाची नवी बॅटरी चाचणीला बसवली होती, त्यातून निघालेला हायड्रोजन साठून भडका उडाला. माणसं गेली. "हायड्रोजनचा स्फोट" लिहा.

खारीबटर:
लिहिलं. पाठवतोय.

मावळतीचाऊन:
स्किपजॅक म्हणजे आपला कुपा ना? आमच्याकडे त्याचंही तिखलं करतात, तिरफळं घालून. पण खरी मजा बांगड्याचीच.