जुन्या गाडीचे गंजलेले ब्रेक पाईप आणि गळके सिलेंडर : तुमचे अनुभव सांगा

परवा गाडी रिव्हर्स घेताना पेडल दाबलं ते थेट तळाला गेलं. परत दाबल्यावर अर्ध्यावर थांबलं म्हणून वाचलो. खाली वाकून बघितलं तर मागच्या टायरच्या आतल्या अंगाला ओला ओघळ. गाडी २२ वर्षांची आहे, मागच्या पाईपवर बोट फिरवलं की पापुद्रे निघतायत. एकच पाईप बदलू का सगळे? आणि चाकातल्या ब्रेक सिलेंडरला नवीन रबरांचं किट टाकून भागतं का? गाडी तेव्हापासून जागेवरच उभी आहे. स्वतः केलं असेल त्यांनी लिहा, फजिती झाली असेल तर ती आधी.

*

फजितीच घ्या मग. पाईप मापाने कापला, जुन्याशी लावून सगळी वळणं जुळवली, दोन्ही तोंडं फुलवली, काम असं देखणं झालं की फोटो काढला. बसवायला गेलो तर नट टेबलावर! पाईपमध्ये ते आधी ओवायचे असतात. तोंडं कापून परत फुलवली तर पाईप दोन बोटं आखूड, म्हणजे नवीन तुकडा आणि पहिल्यापासून सुरुवात.

अजून एक, जुन्या पाईपचं तोंड नीट निरखून बघा. एका प्रकारात कड आत दुमडून दुहेरी केलेली असते, दुसऱ्यात नुसता फुगवटा असतो. चुकीचं तोंड पण नटाने आवळलं जातं, आणि पेडलवर जोर आला की गळतं.

*

सगळे बदला. मी एकच बदलला होता, पाईपमधली हवा काढायला जोरात पेडल मारलं आणि शेजारचा फुटला, कारण जोपर्यंत एक जागा गळत असते तोपर्यंत बाकीच्यांवर पूर्ण प्रेशर येतच नाही. आणि फुटला कुठे तर क्लिपच्या खाली, तिथे चिखल अडकून बसतो आणि पाईप आतल्या आत खाल्ला जातो, वरून बघाल तर चांगला दिसतो. या वेळी तांबं-निकेलचा घेतला, ४.७५ मिमीचा, हाताने वळतो आणि गंजत नाही. नट सोडवायला साधा ओपन पाना लावू नका हो, कोपरे गोल होतात. फ्लेअर नट पाना मिळतो, रिंगला एका बाजूने फट असलेला, तोच लावा, आणि आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा.

*

सिलेंडरबद्दल. ड्रम काढा आणि पिस्टनवरच्या रबरी टोपीची कड हळूच उचला, आतून ब्रेक ऑइल आलं तर आतले रबरी कप (सील) गेलेत. मी किट टाकलं होतं. बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली भिंत, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, तरी नखाला बारीक खड्डे लागत होते, म्हटलं चालेल. महिनाभरात परत ओलं. खड्डा लागला की सिलेंडर नवीनच, विषय संपला. लायनरने (ड्रमवर घासणाऱ्या पट्ट्यांनी) ऑइल प्यायलं असेल तर तेही गेले, धुवून उपयोग नाही, आणि बदलायचे ते दोन्ही चाकांचे, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

*

रबर पेट्रोलने धुऊ नका. मी धुतले, फुगले.

*

माझं दुखणं मास्टर सिलेंडरचं, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे प्रेशर पाठवतो त्याचं. पाईप नवे, सिलेंडर नवे, हवा काढायला बायको पेडलवर आणि मी खाली हवा सोडायच्या निपलपाशी, "दाब... धर... सोड" असा तासभर कार्यक्रम चालला, तरी पेडल हळूहळू खाली जातच राहिलं. रोजच्या वापरात पिस्टन बोअरच्या ज्या भागात कधी जात नाही तिथे गंज बसलेला असतो, आणि हवा काढताना आपण तळापर्यंत दाबलं की त्याचे सील त्या गंजावर घासून कापले जातात. आता पेडलखाली लाकडी गुटका ठेवतो. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग उतरतो. आणि डब्याचं सील फोडून वर्षभर ठेवलेलं ऑइल वापरू नका, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, उकळायचं तापमान घसरतं आणि पाईप आतून गंजायला तेच पाणी पुरतं.

*

धागाकर्ता परत. आज डावा ड्रम काढला. टोपी उचलली आणि ऑइलची धार मनगटावरून थेट बाहीत. लायनर काळे ओलेचिंब. निपलला पाना लावला आणि डोकं तुटून हातात आलं, त्यामुळे किट का नवीन हा प्रश्न आपोआप मिटला. उजवीकडचा कोरडा दिसतोय, पण उघडतोच आता.