मदत हवी आहे: मुलांना कुठले जुने रोल-प्लेइंग गेम दाखवू?

नमस्कार मंडळी, कोथरूडला आमच्या सोसायटीतल्या आठवी-नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्युटरवरचे जुने रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आपणच एखादं पात्र होऊन खेळायचे गेम, दाखवायचे आहेत. १९८० चा 'रोग' (Rogue) हा गेम ठरलाय: दर खेपेला नवं भुयार, मेलात की पहिल्यापासून. १९८५ चा 'अल्टिमा ४' तर हवाच! त्यात हरवायला मुख्य खलनायकच नाही. करुणा, प्रामाणिकपणा असे आठ सद्गुण अंगी बाणवायचे. आंधळ्या विक्रेतीला कमी पैसे दिलेत तर गेम ते लक्षात ठेवतो. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

अडलंय ते पुढे. संवादांतून गोष्ट वळवणारा १९९७ चा 'फॉलआउट' या वयाला चालेल का? त्यातला रक्तपात खटकतोय. दुसरा पर्याय सुचवाल का? आणि कुणाकडे चालू स्थितीतला जुना सीआरटी (काचेच्या पिक्चर ट्यूबचा) मॉनिटर असेल तर दोन दिवसांसाठी हवाय, मी येऊन नेईन.