टोकियोत मुलीला मॉडेलिंगसाठी विचारणा, जावं का?

नवीआई: नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला टोकियोला पाठवलं त्याला दोन वर्षं होत आली. मुलगी पाच वर्षांची. गेल्या रविवारी स्टेशनबाहेर एका बाईने हातात कार्ड दिलं, परदेशी मुलांची एजन्सी आहे म्हणे. नोंदणी, फोटो आणि 'लेसन' यांचे पैसे आधी भरायचे. नवरा म्हणतो, सरळ फसवणूक आहे. मुलगी तेव्हापासून आरशासमोर कमरेवर हात ठेवून उभी! शिवाय मी आणि ती दोघी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या. कुणी केलंय का हे?

अबोली: ताई, आम्ही केलंय. मुलगा चार वर्षांचा असल्यापासून सात वर्षांचा होईपर्यंत.

आधी व्हिसा. त्या व्हिसावर पैसे मिळणारं कुठलंही काम करायचं तर इमिग्रेशनकडून वेगळी परवानगी लागते, मग काम करणारं मूल का असेना. अर्जाला पैसे पडत नाहीत, मर्यादा आठवड्याला २८ तास. पैसे आधी मागणाऱ्यांना मी नाही म्हटलं होतं. आमची एजन्सी काम मिळालं की त्यातून कमिशन कापायची.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते. कपड्यांच्या कामात चेहऱ्याइतकीच उंची बघतात. तिथे मुलांचे कपडे उंचीच्या सेंटिमीटरवर असतात, १००, ११०, १२०. शूटिंगचा नमुना कपडा ११०चा असेल तर मूलही त्याच मापाचं हवं. आमचा वर्षभरात १०९चा ११६ झाला आणि फोन यायचे बंद. त्याला वाटलं, मागच्या शूटिंगला आपण रडलो म्हणून. (रडला होता खरा. ऑगस्टच्या उकाड्यात फुगीर जॅकेट घातलं होतं, मीही रडले असते.)

आणि 'परदेशी मूल' म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर सोनेरी केस असतात. तोंडावर कुणी बोललं नाही. पण ऑडिशनला बारा मुलं आणि त्यात सावळा आमचा एकटा, हे त्याच्याही लक्षात यायचं. घरी येऊन एकदा विचारलं, "माझे केस असे का?" त्यानंतर महिनाभर मी कुठेच नेलं नाही.

सेटवर सगळं जपानीत. मला 'ओत्सुकारेसामा'पलीकडे (काम संपल्यावर म्हणतात ते, 'दमलात हो' अशा अर्थाचं) काही कळायचं नाही, तो बालवाडीत शिकलेला, म्हणून दुभाषा तोच. तोही स्वतःच्या सोयीचं सांगणारा. "आता ब्रेक आहे म्हणतात," असं त्याने किती वेळा परस्पर ठोकून दिलं असेल, देव जाणे.

हिशेबनीस: अबोलीताईंच्या म्हणण्यात थोडी भर. करार नोकरीचा आहे की मानधनाचा, हे आधी बघा. नोकरीचा ठरला तर जपानचा कामगार कायदा लागतो. मग १३ वर्षांखालच्या मुलाला सिनेमा आणि नाटक एवढंच, तेही परवानगीने. शाळेचा दाखला लागतो आणि कामाच्या तासांत शाळेचे तासही धरतात. कलम ५९ प्रमाणे मुलाची मजुरी पालकाने घ्यायची नाही, तेव्हा खातं मुलीच्याच नावाचं काढा. मानधन असेल तर मॉडेलच्या रकमेतून १०.२१ टक्के कर कापून येतो, कमी आले म्हणून भांडू नका.

आणि फोटो कुठे, किती महिने वापरणार हे लिहून घ्या. तुमची बदली कधीही होऊ शकते.

अबोली: हो, अगदी! आम्ही भारतात परतल्यावर आठ महिन्यांनी मैत्रिणीने तिथल्या दुकानातला फोटो पाठवला. भिंतीवर आमचा पोरगा, छत्री घेऊन. त्याने बघितला आणि म्हणाला, "ते बूट घट्ट होते."

नवीआई: हसू का रडू! फी भरत नाही, हे ठरलं. आधी परवानगीचा अर्ज करते, मग बघू. आत्ता दारामागे उभी करून उंची मोजली. १०८. टाचा उचलून ११०.